तीन कुलपांचा निवारा

३ नोव्हेंबर

समन्वयक म्हणून रुजू झालो.

शहरातल्या बेघर लोकांसाठी सरकारी विभाग आणि एक सेवाभावी संस्था मिळून निवारा चालू करणार आहेत. दोघांच्या मध्ये मी. विभागाचे साहेब म्हणाले, तुमचं काम अगदी सोपं आहे, संस्थेला समजवायचं. संस्थेच्या ताई म्हणाल्या, तुमचं काम अगदी सोपं आहे, विभागाला समजवायचं. म्हणजे पहिल्याच दिवशी दोघांचं एकमत. सुरुवात उत्तम.

पहिल्या मजल्यावर डावीकडे विभाग, उजवीकडे संस्था. माझं टेबल मधल्या पॅसेजमध्ये, जिन्याच्या तोंडाशी. येणारा-जाणारा त्यावर पिशवी टेकवून दम खातो. टेबलाचे दोन पाय विभागाच्या फरशीवर आणि दोन संस्थेच्या. फरशा एका उंचीच्या नाहीत, त्यामुळे लिहिताना टेबल डुगडुगतं. विभागाच्या बाजूच्या पायाखाली संस्थेचं माहितीपत्रक घडी करून घातलं. पहिला समन्वय.

बिल्ल्यावर ‘समनव्यक’ छापून आलंय. पेनने दुरुस्त केलं. आता शब्द बरोबर आहे, पण बिल्ला मी स्वतःच बनवल्यासारखा दिसतो.

दादाने विचारलं, बारावीच्या इंग्रजीचं काय. सांगितलं, नवीन वर्षापर्यंत शहरातला बेघरांचा प्रश्न मिटेल, मग निवांत अभ्यास करीन. दादा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. कौतुक वाटलं असावं.

४ नोव्हेंबर

निवाऱ्याची पाहणी केली. इमारतीच्या तळमजल्यावरचाच हॉल. लोखंडी पलंग, प्लास्टिकमधल्या कोऱ्या गाद्या, गरम पाणी, पंखे. सगळं तयार आहे. फक्त माणसं आत जायची राहिलीत. किरकोळ काम.

रस्त्यापलीकडे एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. त्याच्या पायऱ्यांवर एक मावशी राहतात. जन्मभर शिंप्याच्या हाताखाली काज-बटण केलं, त्यात डोळे गेले. डाव्या डोळ्याने काही दिसत नाही. उजव्यात मोतीबिंदू, नुसता उजेड आणि सावली कळते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी १२ डिसेंबरला ऑपरेशन ठरवलंय, पण त्यांची अट आहे. नंतर पंधरा दिवस स्वच्छ अंथरूण हवं आणि डोळ्यात थेंब घालायला माणूस हवा. पायरीवरच्या धुळीत परत जाणार असशील तर मी हातच लावणार नाही, असं सरळ सांगितलंय. ही तारीख हुकली तर पुढची उन्हाळ्यानंतर, आणि तोवर हाही डोळा राहील याची खात्री नाही.

मी ओळख करून दिली. समन्वयक म्हणजे काय करतोस, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, दोन बाजू जोडतो. म्हणाल्या, मग तू काज की बटण? म्हटलं, दोन्ही. म्हणाल्या, दोन्ही तूच, तर मग शर्ट कुठाय?

वयस्कर माणसं असं काहीतरी बोलतात. म्हटलं, मावशी, तुमचा पलंग पक्का समजा. खिडकीजवळचा. थेंब घालायला संस्थेची माणसं असतील.

बारा डिसेंबरला अजून भरपूर वेळ आहे. खरं तर इतका वेळ द्यायलाच नको होता, लोक सुस्तावतात.

९ नोव्हेंबर

पहिली संयुक्त बैठक. कुठे घ्यायची यावर सकाळ गेली. साहेब म्हणाले, विभाग कुणाच्या दारात जात नाही. ताई म्हणाल्या, संस्था कुणापुढे हात पसरत नाही. शेवटी सगळे माझ्या टेबलाभोवती उभे राहिले. हा माझा विजय मानायला हरकत नाही, कारण कुणालाच खुर्ची मिळाली नाही.

विषय पहिला: नाव. विभागाला ‘निवारा केंद्र’ हवं. संस्थेला ‘आपलं घर’. साहेब म्हणाले, आपलं घर म्हटलं तर ते उठायचेच नाहीत. ताई म्हणाल्या, केंद्र म्हटलं तर ते यायचेच नाहीत. नाव पुढच्या बैठकीत.

विषय दुसरा: किल्ली. साहेब म्हणाले, इमारत आमची, किल्ली आमच्याकडे. ताई म्हणाल्या, माणसं आम्ही सांभाळायची, किल्ली आमच्याकडे. साहेब म्हणाले, उद्या पंखा गेला तर जाब मला विचारतात. ताई म्हणाल्या, उद्या माणूस गेलं तर मला विचारतात. शिपाईदादा मध्येच म्हणाले, दार उघडंच ठेवा की. दोघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी आणायला गेले. दोघांचं हे दुसरं एकमत.

१२ नोव्हेंबर

जेवताना सुचलं. हात तसाच ताटात ठेवून बसलो होतो. वहिनी म्हणाली, भाऊजी, भाजी आवडली नाही का.

दोन कुलपं.

एक विभागाचं, एक संस्थेचं. दोघं आले तरच दार उघडणार. कुणी वरचढ नाही, कुणी कमी नाही. इतकी साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसांना सुचू नये याचं नवल वाटतं. शिक्षणाने माणूस गुंतागुंतीचा विचार करू लागतो. मी वाचलो.

१३ नोव्हेंबर

मांडलं. साहेब हसले. ताई हसल्या. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली, हे पॅसेजमध्ये प्रथमच घडलं. ताई म्हणाल्या, तुम्ही फार पुढे जाल. साहेब म्हणाले, सध्या कुलपं घ्यायला खाली जा.

कुलूपवाल्याने विचारलं, आतले पळू नयेत म्हणून दोन, की बाहेरचे येऊ नयेत म्हणून? म्हटलं, हे भागीदारीचं प्रतीक आहे. तो म्हणाला, भागीदारीचं माझ्याकडे एकच मॉडेल आहे, दोन घेतलीत तर दोन देतो.

विभागाची किल्ली भांडारपालांकडे. संस्थेची किल्ली ताईंच्या पर्समध्ये. जादाच्या दोन किल्ल्या राहिल्या. त्या हरवल्या तर घोटाळा होईल. मी दोन्हींना चिठ्ठी बांधली, सुवाच्य अक्षरात नाव घातलं आणि सगळ्यात सुरक्षित जागा शोधली. निवाऱ्याच्या आत, दारामागे, खिळ्याला. दोन कुलपांच्या आड आहेत. चोराची काय बिशाद.

संध्याकाळी मावशींना सांगितलं. म्हणाल्या, बरं झालं, एका कुलपाने मी बाहेर होते, आता दोन कुलपांनी आहे.

१७ नोव्हेंबर

निवारा आज संध्याकाळी सुरू होणार होता.

संस्थेची मुलं सातला आली. भांडारपाल साडेपाचला गेले. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे त्यांची वेळ पाटीवर लिहिलेली आहे, पण पाटी दाराच्या आतल्या बाजूला लावलीय.

ताईंनी त्यांचं कुलूप उघडलं. थोडा वेळ सगळे विभागाच्या कुलपाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी आपलं पुन्हा लावलं. मावशी गाठोडं घेऊन रस्ता ओलांडून आल्या होत्या. तशाच परत गेल्या. जाताना म्हणाल्या, आवाजावरून एक उघडलं वाटतं. म्हटलं, हो, पन्नास टक्के काम झालं.

पन्नास टक्के हा आकडा लहान नाही. बारावीला मला तेवढे पडले असते तर आज कुठे असतो.

१९ नोव्हेंबर

साहेबांना भेटलो. भांडारपालांना सातपर्यंत थांबवता येईल का. साहेब म्हणाले, झोपायची सोय करणं विभागाच्या कामाच्या वेळेत बसत नाही. ताईंना भेटलो. मुलांना पाचला आणता येईल का. ताई म्हणाल्या, मुलं नोकरी करून सेवा करतात, नोकरी सोडून नाही.

मग मधला मार्ग काढला. निवारा दुपारी उघडायचा. त्या वेळी दोन्ही किल्ल्या इमारतीत असतात. दोघांनी लगेच मान्य केलं. मला वाटतं, माझ्यात मधला मार्ग काढण्याची उपजत शक्ती आहे.

२१ नोव्हेंबर

निवारा सुरू झाला. दुपारी बारा ते पाच.

आले फार थोडे. बाकीचे म्हणाले, दुपारी आम्ही कामावर असतो. हे लोक कामावर असतात हे विभागाला माहीत नव्हतं आणि संस्थेला सांगावंसं वाटलं नव्हतं.

मावशी मात्र आल्या. मी हात धरून खिडकीजवळच्या पलंगापर्यंत नेलं. त्यांनी गादी चाचपली, उशी चाचपली, चादरीची शिवण बोटाने तपासली. म्हणाल्या, टाका लांब घातलाय, पण कापड बरंय. मग आडव्या झाल्या. थोड्या वेळाने विचारलं, मावशी, झोप लागली का. म्हणाल्या, बाबा, बाहेर भर दुपार आहे, चार माणसं माझ्याकडे बघत उभी आहेत, कशी लागेल.

पाचच्या आत भांडारपाल चप्पल वाजवत आले आणि म्हणाले, चला, उठा, आवरा. मावशी उठल्या. चादर सरळ केली. म्हणाल्या, पलंग छान आहे, रात्रीचा कसा असेल कोण जाणे.

निघताना दारामागच्या खिळ्यावर नजर टाकली. दोन्ही किल्ल्या जागच्या जागी. समाधानाने बाहेर आलो. दोन्ही कुलपं लागली.

२२ नोव्हेंबर

दुपारचा निवारा बंद. साहेब म्हणाले, औपचारिक उद्घाटनाआधीच लोक झोपले तर उद्घाटन कशाचं करायचं.

२६ नोव्हेंबर

ताई परगावी गेल्या. बेघरांवर मोठी परिषद आहे. तिथे त्या दोन कुलपांच्या पद्धतीवर बोलणार आहेत. माझं नाव घेणार असतील. किल्ली पर्समध्ये, पर्स परिषदेत.

शिपाईदादा म्हणाले, कुलूप तोडा. हा अविचार आहे, पण लोकशाही म्हणून दोन्हीकडे विचारून पाहिलं. साहेब म्हणाले, संस्थेचं तोडायला माझी हरकत नाही. ताई फोनवर म्हणाल्या, विभागाचं तोडायला माझी हरकत नाही. दोन्ही कुलपं तोडायला एकेकाची संमती मिळाली. पण ज्याचं कुलूप त्याची नाही.

संकल्प: निराश व्हायचं नाही. रोज सकाळी उठून थंड पाण्याने तोंड धुवायचं.

२७ नोव्हेंबर

पाणी फार गार आहे. संकल्प उन्हाळ्यापासून.

२ डिसेंबर

ताई परतल्या. परिषदेत पद्धतीचं कौतुक झालं. दोन-तीन शहरांना ती हवी आहे. माझ्या नावाचा उल्लेख वेळेअभावी राहिला.

आज मी नवा प्रस्ताव ठेवला. दोन्ही किल्ल्या समन्वयकाकडे द्याव्यात. मी संध्याकाळी उघडीन, सकाळी बंद करीन. साहेब म्हणाले, तुमच्याकडे दिली म्हणजे संस्थेकडेच दिली. ताई म्हणाल्या, तुमच्याकडे दिली म्हणजे विभागाकडेच दिली. मी म्हटलं, पण तुम्ही दोघंही म्हणता की माझ्यावर विश्वास आहे. दोघंही म्हणाले, विश्वास आहेच.

त्या विश्वासाचं काहीतरी करायला हवं होतं. बऱ्याच चर्चेनंतर ठरलं. समन्वयकाचं स्वतंत्र कुलूप.

५ डिसेंबर

तिसरं कुलूप बसलं. कडी नवीन ठोकावी लागली. कुलूपवाला या वेळी नुसता माझ्याकडे बघत हातोडी मारत होता.

पण ही किल्ली माझी. आयुष्यात पहिल्यांदा एका सरकारी इमारतीच्या दाराची किल्ली माझ्या खिशात आहे. एकच आहे, जादाची मुद्दामच घेतली नाही. चालताना मांडीला लागते. आता माझ्याशिवाय कुणी आत जाऊ शकत नाही. रुजू झालो तेव्हा मला खुर्ची नव्हती. (अजूनही नाही, स्टूल आहे. पण मुद्दा वेगळा.)

मावशींना किल्ली हातात दिली. त्यांनी अंगठ्याने दाते चाचपले आणि परत केली. म्हणाल्या, गळ्यात बांध, हरवशील. मग हळूच विचारलं, बारा तारीख जवळ आली ना रे? म्हटलं, ११ला उद्घाटन आहे, पाहुणे ठरलेत. म्हणाल्या, पाहुणे झोपायला येणारेत का?

त्या हसल्या, पण मग बराच वेळ हात चोळत बसल्या. म्हणाल्या, मला काही मोठं बघायचं नाहीये. रस्ता ओलांडताना कुणाचा तरी हात शोधावा लागतो ना, तेवढं नको झालंय.

म्हटलं, मावशी, पक्कं समजा.

८ डिसेंबर

घरी एक विचित्र प्रसंग. मी डबा विसरलो होतो. वहिनी तो घेऊन ऑफिसला आली. मी नेमका पाहुण्यांच्या हारांचं बघायला गेलो होतो. (विभागाने हार, संस्थेने रोपटं, असं ठरलंय. पाहुण्यांनी रोपटं गळ्यात घालू नये एवढं बघायचं.) वहिनीने समोरच्या मावशींना विचारलं, निवाऱ्याचे समन्वयक कुठे बसतात. मावशी म्हणाल्या, कोण, कुलूपवाला का?

मग दोघी पायरीवर बसून बोलल्या. किती वेळ ते माहीत नाही. वहिनी घरी ब्लाउज शिवते, त्यामुळे दोघींना बोलायला विषय होता.

अडचण अशी की मी घरी सांगितलं होतं, निवारा जोरात सुरू आहे. हे खोटं नव्हतं. २१ तारखेला सुरू होता.

रात्री वहिनीने ताट वाढलं आणि म्हणाली, भाऊजी, त्या बाईंना रात्री आत कधी झोपवणार? सांगितलं, प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे. वहिनी म्हणाली, पोळी घ्या. पुतणी मात्र जेवणभर कपाटाच्या दाराला माझा कानटोपा, दादाचा रुमाल आणि स्वतःची रिबीन बांधत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, काका, निवारा निवारा खेळतेय.

लहान मुलांसमोर ऑफिसचं बोलू नये.

११ डिसेंबर

पाहुण्यांचा घसा बसला. उद्घाटन पुढे ढकललं. बोलायला येत नसेल तर येऊन काय उपयोग, असं साहेब म्हणाले. ताईंना हे पटलं. दोघांचं आता वरचेवर जमतं. यामागे माझे कष्ट आहेत.

साहेबांना मावशींबद्दल सांगितलं. म्हणाले, खास बाब म्हणून एक रात्र उघडता येईल, संस्थेने लेखी मागावं. ताईंना सांगितलं. म्हणाल्या, खास बाब म्हणून नक्की करू, विभागाने लेखी द्यावं. मी दोघांसाठी दोन पत्रं तयार केली. एकही चूक नाही, अनुस्वारसुद्धा तपासला. दोघांनी वाचली, शुद्धलेखनाचं कौतुक केलं, आणि समोरच्याची सही आधी घ्या म्हणाले. पॅसेजमध्ये संध्याकाळपर्यंत फेऱ्या मारल्या. साडेपाच झाले.

तरीही मी आशावादी आहे. ऑपरेशनला वेळ लागतो. मध्येच काहीतरी घडेल.

१२ डिसेंबर

मी मावशींना दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नंतर कुठे नेणार. मी म्हटलं, विभाग आणि संस्था यांच्या संयुक्त निवाऱ्यात. त्या म्हणाल्या, पत्ता आणि तिथे आत्ता कोण आहे त्याचं नाव सांगा. मी म्हटलं, सध्या तिथे कुणी नाही, पण व्यवस्था अतिशय सुरक्षित आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मावशी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी गाठोडं उचललं आणि उठल्याच. म्हणाल्या, चल बाबा, उन्हाळ्यानंतर बघू.

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक प्रक्रियेबद्दल बोललो असणार.

तेवढ्यात दारातून वहिनी आत आली. शिवणाचं माप घ्यायची टेप अजून गळ्यात. तिने डॉक्टरीणबाईंना घरचा पत्ता सांगितला, थेंब कोण घालणार तर ती स्वतः, आणि अंथरूण कुठलं तर आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवाण.

तो दिवाण माझा आहे. म्हणजे दादाचा आहे, पण झोपतो मी.

मावशी म्हणाल्या, अगं, तुला त्रास. वहिनी म्हणाली, त्रास कसला, रोज एकाचं अंथरूण काढतेच, ते वर घोरतातही.

ऑपरेशन झालं.

१३ डिसेंबर

मावशी दिवाणावर. डोळ्याला पट्टी. वहिनी वेळेवर थेंब घालते. पुतणी त्यांना गोष्टी सांगते. दादा कधी नव्हे तो हळू आवाजात बोलतो. घरातलं सगळं अगदी सुरळीत चाललंय, आणि विशेष म्हणजे एकही बैठक न घेता.

दादा म्हणाला, तू स्वयंपाकघरात आडवा हो. वहिनी म्हणाली, सतरंजी घालते. मी म्हटलं, काही गरज नाही, माझ्याकडे पलंगांनी भरलेला हॉल आहे. मी समन्वयक आहे. दादा म्हणाला, बघ हं. मी चादर, उशी आणि ही वही घेऊन ताठ मानेने निघालो. मावशी मागून म्हणाल्या, मग जाता जाता माझ्या पायरीवर लक्ष ठेव, नाहीतर कुणीतरी बळकावील.

दारापाशी आलो. माझं कुलूप उघडलं. एका झटक्यात उघडलं, चांगल्या प्रतीचं आहे.

बाकी दोन होती.

माझं पुन्हा लावलं. रस्ता ओलांडला. मावशींची पायरी राखायला कुणीतरी हवंच होतं.

१४ डिसेंबर

पायरीबद्दल काही निरीक्षणं, पुढे अहवालात उपयोगी पडतील. दगड पाठीला लागतो. पुठ्ठा कडक हवा. कुत्रं उबेला येतं, त्याला हाकलू नये. सकाळी झाडूवाला आधी आवाज देतो, मग झाडू. माणूस भला आहे. म्हणाला, नवीन दिसताय. सांगितलं, मी पाहणीसाठी आहे. म्हणाला, सगळे पहिल्या दिवशी हेच म्हणतात.

घरी जाता येईल. पण ताठ मानेने निघालेला माणूस दुसऱ्याच दिवशी कसा जाणार. फोन बंद पडलाय, चार्जर घरी. दोन दिवस थांबू.

१५ डिसेंबर

माझं टेबल पॅसेजमध्ये नाही. मोठ्या सभागृहात बेघरांवर चर्चासत्र आहे, तिथे फुलदाणी ठेवायला नेलं. स्टूलही नेलं. मग पायरीवरच बसून काम केलं. अंग मोडून आलंय, नाक गळतंय. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कारण गाड्यांचे दिवे थेट तोंडावर येतात. मावशी कशा झोपत असतील असं वाटलं. मग आठवलं, त्यांना दिसतच नव्हतं.

विभाग आणि संस्था यांना एकाच वेळी दारापर्यंत आणण्याची नवी योजना डोक्यात आहे. उद्या ताप उतरला की मांडतो.

१६ डिसेंबर

दिवसभर चादर डोक्यावरून घेऊन झोपलो. दुपारी समोर बरीच गडबड चालली होती, गाड्या, माणसं, कुणीतरी माइक तपासत होतं. उठून बघणार होतो. डोकं जड होतं.

१७ डिसेंबर, सकाळी

संस्थेची एक नवी मुलगी आली. मला ओळखत नव्हती. अगदी आदराने उकिडवी बसली आणि म्हणाली, काका, इथे कधीपासून आहात? मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेन. पण दाढी वाढलीय, आणि बिल्ला उशीखाली होता.

मी विचारलं, समोरचा निवारा सुरू झाला का?

म्हणाली, काय सांगू. काल दुपारी पाहुणे आले, साहेब आले, ताई आल्या, हार आले, रोपटं आलं. दोघांनी हसत हसत आपापली कुलपं उघडली, फोटोसुद्धा निघाला. मग बघतात तर तिसरं कुलूप. ते म्हणे कुणा समन्वयकाचं आहे. त्याचा फोन लागेना. विभागात विचारलं तर म्हणाले, तो संस्थेचा माणूस. आमच्या ऑफिसात विचारलं तर म्हणाले, तो विभागाचा. तो बसतो कुठे ते बघायला गेले, तर तिथे टेबलच नाही. पाहुणे तासभर उन्हात उभे राहिले आणि गेले. तो माणूस सापडला की आज संध्याकाळीच लोकांना आत घेणार आहेत, दोघांनीही तसं कबूल केलंय. दोन्ही कुलपं काल काढली ती लावलीच नाहीत. सगळं त्या एका कुलपावर अडलंय.

मी समोर पाहिलं. खरंच, दाराला एकच कुलूप होतं. चांगल्या प्रतीचं.

तिला बरंच काही सांगता आलं असतं. पॅसेजमधल्या फरशीच्या उंचीपासून सुरुवात करावी लागली असती.

खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. तिने विचारलं, ही कुठे मिळाली तुम्हाला? म्हटलं, इथेच. पायरीवर पडली होती.

तिचा चेहरा असा उजळला की मला लाज वाटली. म्हणाली, काका, तुम्ही फार प्रामाणिक आहात. थांबा, आज पहिलं नाव तुमचंच. तुमचा पलंग पक्का समजा. खिडकीजवळचा.

म्हटलं, खिडकीजवळचा नको. तो एका मावशींचा आहे, त्यांचे पंधरा दिवस झाले की त्या येतील. मला दाराजवळचा द्या.

ती म्हणाली, दाराजवळ वारा येतो हो, आणि दार सारखं उघडतं.

म्हटलं, चालेल.